सरोवरकाठचे घर आणि सरोवराची निर्मळता : ताहो खोऱ्यातील निवासी पुनर्विकासाच्या नियमनाचा इतिहास

प्रस्तावना

माणसाने पाण्याच्या काठी वस्ती केली ती प्रारंभी गरजेपोटी. पिण्याचे पाणी, शेती, मासेमारी आणि दळणवळण ही त्या वस्तीची कारणे होती. विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, संपन्न समाजांत जलाशयाकाठी घर बांधण्यामागे आणखी एक प्रेरणा आली आणि ती म्हणजे निसर्गदर्शनाची. खिडकीतून निळे पाणी दिसावे, अंगणातून थेट काठावर उतरता यावे, यासाठी भूखंडांची खरेदी होऊ लागली. या प्रेरणेत एक अंतर्विरोध दडलेला होता. ज्या निर्मळ पाण्याच्या ओढीने घर बांधले जाते, त्या पाण्याची निर्मळता अशा घरांची संख्या वाढली की टिकत नाही.

या अंतर्विरोधाची उकल कायदा आणि नियोजन यांच्या साहाय्याने करण्याचा एक दीर्घ प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ताहो सरोवराच्या खोऱ्यात झाला. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. हा प्रयत्न सरोवराकाठी नवीन बांधकाम रोखण्यापासून सुरू झाला. परंतु त्याचा खरा कस जुन्या घरांच्या पुनर्विकासात लागला, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे. सरोवराच्या रक्षणाचे एकक किनारारेषा नसून प्रत्येक भूखंड आहे, हा या इतिहासाचा मुख्य बोध आहे.

खोऱ्याचे स्वरूप

कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा पर्वतात समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९७ मीटर उंचीवर हे सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४९६ चौरस किलोमीटर असून कमाल खोली ५०१ मीटर आहे. त्रेसष्ट लहानमोठे प्रवाह त्यात येऊन मिळतात. बाहेर पडण्याचा मार्ग मात्र एकच, ट्रकी नदी. ही नदीही समुद्राला न मिळता नेवाडातील पिरॅमिड सरोवरात विसर्जित होते. सरोवरातील पाणी सरासरी सुमारे साडेसहाशे वर्षे तेथेच राहते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. साहजिकच एकदा आत आलेला सूक्ष्म गाळ किंवा पोषकद्रव्य सहजासहजी बाहेर जात नाही.

सरोवराच्या विलक्षण पारदर्शकतेचे कारण त्याच्या पाणलोट क्षेत्रात आहे. सरोवराच्या आकारमानाच्या तुलनेत हे क्षेत्र लहान आहे. तेथील बहुतांश जमीन ग्रॅनाइटच्या झिजेतून बनलेली, पोषकद्रव्यांनी गरीब अशी आहे. उतारांवरील अरण्ये आणि प्रवाहांच्या मुखाशी असलेल्या पाणथळ कुरणांनी शतकानुशतके गाळ अडवून धरला. म्हणजेच सरोवराचे पाणी स्वच्छ राहिले ते काठामागील जमिनीमुळे. पुढील सर्व वादांचे मूळ या एका भौतिक वस्तुस्थितीत आहे.

वाशो लोकांपासून भूखंडविक्रीपर्यंत

हे खोरे ही वाशो या मूळ रहिवासी समाजाची भूमी होय. उन्हाळ्यात मासेमारी, कंदमुळांचे संकलन आणि सामाजिक मेळावे यांसाठी ते सरोवराकाठी येत असत. १८४४ मध्ये जॉन फ्रेमाँट याच्या मोहिमेने सरोवर पाहिले आणि अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५९ मध्ये, नेवाडात कॉमस्टॉक येथे चांदीच्या खनिजाचा मोठा साठा सापडला. खाणींना आधार देण्यासाठी व इंधनासाठी लागणारे लाकूड ताहोच्या उतारांवरून जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोऱ्यातील बहुतांश जुने अरण्य तोडले गेले होते. वाशो लोकांचा आपल्या भूमीवरील हक्क याच काळात संपुष्टात आणला गेला. पुढे मालमत्तेच्या हक्काविषयी जे दीर्घ न्यायालयीन वाद झाले, त्यांची पार्श्वभूमी म्हणून ही घटना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

अरण्य काही प्रमाणात पुन्हा वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे राष्ट्रीय उद्यान स्थापण्याचे प्रयत्न झाले. परंतु जमिनीचा मोठा भाग खाजगी मालकीत गेलेला असल्याने ते यशस्वी झाले नाहीत. ट्रकी नदीच्या मुखाशी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे सरोवराच्या नैसर्गिक काठावर सुमारे १.८ मीटर उंचीचे पाणी साठवता येऊ लागले. त्यामुळे आज ज्याला आपण सरोवराचा ‘नैसर्गिक किनारा’ म्हणतो, ती पाण्याची पातळीही अंशतः मानवनिर्मित आहे.

खोऱ्याचे रूप वेगाने पालटले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. रस्ते बारमाही झाले, दक्षिण काठावर नेवाडाच्या हद्दीत जुगारगृहे उभी राहिली आणि १९६० मध्ये जवळच्याच स्क्वॉ व्हॅली येथे हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. उन्हाळ्यापुरते येणारे पाहुणे आता वर्षभराचे घरमालक होऊ लागले. डोंगरउतारांवर कागदी नकाशे आखून लहान भूखंड पाडण्यात आले. उतार किती, माती कोणती, प्रवाह कोठून वाहतो, याचा त्या नकाशांत विचार नव्हता. १९६० च्या दशकात अप्पर ट्रकी नदीच्या मुखाशी असलेल्या पाणथळ कुरणात कालवे खोदून व भराव घालून ‘ताहो कीज’ ही वसाहत उभारण्यात आली. सुमारे दीड हजार घरांच्या या वसाहतीत अनेक घरांच्या परसात नाव बांधण्याची सोय होती. परंतु खोऱ्यातील सर्वांत मोठ्या पाणथळीचा, म्हणजे गाळ गाळून घेणाऱ्या निसर्गनिर्मित चाळणीचा, मोठा भाग त्यामुळे नष्ट झाला.

पांढरी तबकडी आणि गढूळ होणारे पाणी

चार्ल्स गोल्डमन या सरोवरशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये येथील पाण्याचा अभ्यास सुरू केला. १९६८ पासून पारदर्शकतेचे नियमित मोजमाप होऊ लागले. त्याची पद्धत अगदी साधी आहे. सेक्की तबकडी या नावाने ओळखली जाणारी पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. १९६८ मध्ये ही वार्षिक सरासरी ३१.२ मीटर होती. १९९७ मध्ये ती सुमारे १९.५ मीटर भरली. ज्याला रसायनशास्त्राचे ज्ञान नाही अशा घरमालकालाही समजेल असा हा पुरावा होता. त्यामुळे शास्त्रीय निरीक्षण हे सार्वजनिक वादातील सर्वमान्य परिमाण बनले.

प्रारंभी दोष सांडपाण्याला देण्यात आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रक्रिया केलेले सांडपाणीही खोऱ्याबाहेर वाहून नेण्याची व्यवस्था होऊ लागली. हा उपाय मोठा आणि आवश्यक होता. तरीही पारदर्शकता घटतच राहिली. कारण उघड होते. सांडपाणी नळातून जाते, म्हणून ते वळवता येते. छपरावर, अंगणात व रस्त्यावर पडलेले पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी मात्र हजारो भूखंडांवरून वाहत येते. पुढील काळातील संशोधनाने हे अधिक स्पष्ट केले. सोळा मायक्रॉनहून बारीक असलेल्या, पारदर्शकता घटविणाऱ्या मातीच्या कणांपैकी सुमारे ७२ टक्के कण नागरी वस्तीच्या जमिनीवरून येतात, असा निष्कर्ष २०११ मध्ये मंजूर झालेल्या प्रदूषणभार मर्यादेच्या आराखड्यात मांडला गेला.

नियोजन संस्थेची स्थापना आणि पहिले अपयश

सरोवर एक आणि राज्ये दोन, ही प्रशासकीय अडचण होती. कॅलिफोर्निया व नेवाडा यांच्यात झालेल्या कराराला १९६९ मध्ये संघराज्याच्या संसदेने मान्यता दिली व त्यातून ताहो प्रादेशिक नियोजन संस्था अस्तित्वात आली. राज्यसीमा बाजूस ठेवून पाणलोट क्षेत्राला नियोजनाचे क्षेत्र मानणारी ही व्यवस्था त्या काळी अभिनव होती.

तथापि, संस्थेचा पहिला दशकभराचा अनुभव निराशाजनक ठरला. १९७२ च्या नियमांत इतके अपवाद होते की नवीन घरांच्या बांधकामाला फारसा आळा बसला नाही. असमाधानी झालेल्या कॅलिफोर्नियाने आपले आर्थिक साहाय्य काढून घेतले आणि आपल्या हद्दीत स्वतंत्रपणे कडक नियम लागू केले. अखेर १९८० मध्ये करारात व्यापक दुरुस्ती करण्यात आली. तिच्यानुसार पाणी, माती, हवा, वनस्पती, वन्यजीव, मत्स्यजीवन, दृश्यसौंदर्य, ध्वनी व मनोरंजन या नऊ बाबींसाठी पर्यावरणीय निकष आधी ठरवायचे व विकासाचा आराखडा त्या निकषांना बांधील ठेवायचा, असा क्रम निश्चित झाला.

जमिनीच्या क्षमतेचे मोजमाप

या सर्व व्यवस्थेचा वैज्ञानिक पाया १९७४ मध्ये रॉबर्ट बेली यांनी तयार केलेल्या जमीन क्षमता वर्गीकरणात आहे. उतार, मातीचा प्रकार, धूप होण्याची शक्यता व निचरा यांच्या आधारे खोऱ्यातील जमीन सात वर्गांत विभागण्यात आली आणि प्रत्येक वर्गातील भूखंडाचा किती भाग पाणी न झिरपणाऱ्या आच्छादनाखाली आणता येईल याचे प्रमाण ठरविण्यात आले. पहिल्या दोन वर्गांत हे प्रमाण १ टक्का, तिसऱ्यात ५, चौथ्यात २०, पाचव्यात २५ आणि सहाव्या व सातव्या वर्गांत ३० टक्के आहे. आच्छादनात केवळ घराचे छप्पर नव्हे, तर मोटारीचा रस्ता, ओटा व फरसबंदी यांचाही समावेश होतो.

याचा व्यावहारिक अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एक हजार चौरस मीटरचा भूखंड चौथ्या वर्गात असेल, तर दोनशे चौरस मीटर आच्छादन करता येते. तेवढाच भूखंड पहिल्या वर्गात, म्हणजे तीव्र उतारावर किंवा प्रवाहाच्या पाणथळ काठावर असेल, तर केवळ दहा चौरस मीटर. त्या मर्यादेत घर बांधणे अशक्य. शेजारी-शेजारी असलेल्या, एकाच किमतीला विकत घेतलेल्या दोन भूखंडांचे भवितव्य मातीने आणि उताराने असे वेगळे ठरविले.

बांधकामबंदी आणि मालमत्तेचा हक्क

नवीन आराखडा तयार होईपर्यंत, २४ ऑगस्ट १९८१ ते २५ एप्रिल १९८४ या बत्तीस महिन्यांच्या काळात खोऱ्यातील संवेदनशील जमिनीवरील जवळजवळ सर्व बांधकाम थांबविण्यात आले. १९८४ चा आराखडाही पर्यावरणरक्षणास अपुरा असल्याच्या आक्षेपावरून न्यायालयात अडकला व १९८७ मध्ये सुधारित आराखडा आला. निवृत्तीनंतर घर बांधण्यासाठी आयुष्याची पुंजी गुंतवून भूखंड घेतलेल्या शेकडो सामान्य लोकांच्या दृष्टीने ही प्रतीक्षा अन्यायकारक होती. भरपाई न देता आमची जमीन शासनाने प्रत्यक्षात ताब्यातच घेतली आहे, असा त्यांचा दावा होता.

हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २३ एप्रिल २००२ रोजी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने नियोजन संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. तात्पुरती बांधकामबंदी ही आपोआप मालमत्तेचे संपादन ठरत नाही. विचारपूर्वक नियोजनासाठी वेळ लागतो आणि त्या वेळेसाठी शासनाला दंड केला तर घाईघाईने निर्णय घेण्याची प्रवृत्ती बळावेल, हे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालपत्राचे सार होय. या प्रकरणी संस्थेची बाजू मांडणारे वकील जॉन रॉबर्ट्स पुढे २००५ मध्ये त्याच न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले.

त्यापूर्वी १९९७ मध्ये याच न्यायालयाने एका वृद्ध विधवेचे म्हणणे ऐकून घेण्यास अनुकूलता दर्शविली होती. १९७२ मध्ये पतीसमवेत घेतलेला तिचा भूखंड प्रवाहक्षेत्रात मोडत असल्याने तेथे घर बांधण्यास मनाई होती. मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क विकण्याची मुभा होती. ते हक्क आधी विकून न पाहताही तिचा दावा सुनावणीयोग्य आहे, असे न्यायालयाने ठरविले. हे दोन निर्णय एकत्र वाचले असता सार्वजनिक हिताचे नियमन वैध आहे, परंतु त्याची झळ सोसणाऱ्या व्यक्तीला दाद मागण्याचा मार्ग मोकळा असला पाहिजे, हा समतोल दिसून येतो.

शासनानेही केवळ मनाईवर विसंबून न राहता खरेदीचा मार्ग अवलंबिला. १९८० च्या सँटिनी-बर्टन कायद्याने लास वेगासलगतच्या संघराज्यीय जमिनीच्या विक्रीतून ताहोतील संवेदनशील भूखंड विकत घेण्याची तरतूद केली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८२ मध्ये याच कामासाठी साडेआठ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना संमती दिली.

पुनर्विकास : जुन्या चुकांची दुरुस्ती

येथवरच्या नियमनात एक मोठी उणीव होती. बंधने पडली ती मुख्यतः उशिरा आलेल्यांवर. ज्यांची घरे आधीच उभी होती, ज्यांच्या अंगणातून गाळ वाहत होता, त्यांना नवीन नियमांची तितकी झळ पोहोचली नाही. उलट नवीन घरे दुर्मीळ झाल्यामुळे जुन्या घरांचे मोल वाढले. सरोवराची हानी मात्र झालेली होती ती या जुन्या आच्छादनामुळे. या पेचावर पुनर्विकास हे उत्तर ठरले. घर जुने झाले, त्याचा विस्तार करायचा झाला किंवा ते पाडून नवे बांधायचे झाले, की मालकाला परवान्यासाठी संस्थेकडे यावे लागते. जुन्या घरमालकाकडे त्याचा वाटा मागण्याची हीच मुख्य संधी असते.

या संधीचा उपयोग तीन प्रकारे करण्यात आला. पहिला म्हणजे आच्छादनाचा हिशेब. कायदेशीर जुने आच्छादन मान्य करायचे. परंतु ते भूखंडाच्या क्षमतेपेक्षा अधिक असेल तर पुनर्बांधणीच्या वेळी ते कमी करायचे, अथवा त्यासाठी शुल्क भरायचे व त्या निधीतून अन्यत्र आच्छादन काढून टाकायचे. दुसरा म्हणजे पाणी जागच्या जागी जिरविणे. ताशी सुमारे एक इंच पाऊस झाला तरी ते पाणी भूखंडाबाहेर न जाता मुरले पाहिजे, हे प्रमाण ठरविण्यात आले. छपराच्या पागोळ्यांखाली खडीने भरलेले चर, उघड्या उतारांना आधार, मोकळ्या मातीवर स्थानिक वनस्पतींची लागवड हे त्याचे साधे उपाय होत. मोटारीचा कच्चा रस्ता मात्र फरसबंद करावा लागतो, कारण चाकांखाली भुगा झालेली माती हीच गाळाचे उगमस्थान असते. तिसरा म्हणजे हक्कांचे स्थलांतर. संवेदनशील जागेवरील घर काढून ती जमीन पूर्ववत केल्यास तेथील आच्छादन व बांधकामाचा हक्क अधिक सक्षम जमिनीवर नेता येतो. २०१२ च्या सुधारित आराखड्याने या स्थलांतरास विशेष उत्तेजन देऊन वस्ती नगरकेंद्रांकडे वळविण्याचे धोरण स्वीकारले.

सरोवराला लागून असलेल्या भूखंडांच्या बाबतीत आणखी काही प्रश्न उद्भवले. पाण्यावरून पाहताना घर कसे दिसते, त्याचा रंग झाडीत मिसळतो की उठून दिसतो, काचा किती चमकतात, याचाही परवान्यात विचार होऊ लागला. खाजगी धक्क्यांचा वाद तर कित्येक वर्षे चालला. २००८ मध्ये स्वीकारलेले किनारपट्टीविषयक नियम २०१० मध्ये न्यायालयाने रद्द ठरविले. त्यानंतर परस्परविरोधी गटांना एकत्र बसवून २०१८ मध्ये नवा आराखडा संमत झाला व त्यात कालांतराने कमाल १२८ नवीन खाजगी धक्क्यांना वाव ठेवण्यात आला.

२४ जून २००७ रोजी लागलेल्या अँगोरा वणव्याने या व्यवस्थेची वेगळीच परीक्षा घेतली. हा वणवा काठापासून आत असलेल्या वस्तीत पसरला व त्यात २५४ घरे भस्मसात झाली. माती झाकून ठेवण्यासाठी पालापाचोळा हवा, तर आगीपासून बचावासाठी घराभोवतीची जागा मोकळी हवी. या दोन शास्त्रशुद्ध अपेक्षांतील विसंगती त्या वेळी प्रकर्षाने जाणवली. दोन्ही राज्यांच्या संयुक्त आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला व नियमांत त्यानुसार बदल करण्यात आले.

फलिताचे मूल्यमापन

या प्रदीर्घ प्रयत्नांचे फलित संमिश्र आहे. १९९७ नंतर पारदर्शकतेच्या घसरणीचा वेग मंदावला. मात्र २०१७ मध्ये वार्षिक सरासरी १८.२ मीटर इतकी खाली आली व त्यानंतरही ती वीस मीटरच्या आसपासच राहिली. २९.७ मीटरचे उद्दिष्ट अद्याप दूर आहे. तापमानवाढ, बर्फाऐवजी पाऊस पडण्याचे वाढते प्रमाण आणि बाहेरून आलेल्या जलवनस्पती व जलचर यांची त्यात भर पडली आहे. ताहो कीजच्या कालव्यांत माजलेली परकीय पाणवनस्पती ही साठ वर्षांपूर्वीच्या एका वसाहतीची आजही फेडावी लागणारी किंमत होय. सामाजिक बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. घरे महागल्याने खोऱ्यात काम करणाऱ्यांनाच तेथे राहणे कठीण झाले आहे.

भारतातील कायद्याशी तुलना केली असता एक मूलभूत भेद जाणवतो. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी कमाल पूररेषेच्या सरासरीपासून पन्नास मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामास मनाई केली आहे. ही मनाई आवश्यक असली तरी ती रेषेच्या भाषेत बोलते. शिवाय पेयजल, सिंचन किंवा मनोरंजन यांसाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. रेषेपलीकडच्या इमारतीचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सरोवराचे रक्षण किनाऱ्यापासूनचे अंतर ठरवून पूर्ण होत नाही. पाणलोट क्षेत्रातील प्रत्येक भूखंडावर पडणारे पाणी तेथेच मुरते की नाही, हा निर्णायक प्रश्न आहे.

२) राज्यसीमांऐवजी पाणलोट क्षेत्राला नियोजनाचे एकक मानणे योग्य असले तरी, अपवादांनी पोखरलेले नियम केवळ संस्थेच्या अस्तित्वामुळे परिणामकारक होत नाहीत.

३) बंधनांचा भार केवळ उशिरा येणाऱ्यांवर टाकणे अन्यायकारक आणि अपुरेही आहे. जुन्या बांधकामाचा पुनर्विकास ही जुनी हानी अंशतः भरून काढण्याची संधी मानून नियम रचले पाहिजेत.

४) मनाईच्या जोडीला भूखंडखरेदी, हक्कांचे हस्तांतरण व न्यायालयीन दाद यांची सोय असेल, तरच पर्यावरणीय नियमनाला नैतिक अधिष्ठान लाभते.

५) ज्या वाशो समाजाची जमीन कोणत्याही मोबदल्याचा विचार न करता गेली, त्याच भूमीवरील मालमत्तेच्या हक्काचा पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सूक्ष्म काथ्याकूट झाला. कोणाचा हक्क कायद्याला दिसतो आणि कोणाचा दिसत नाही, हा प्रश्न पर्यावरणाच्या इतिहासकाराने दृष्टीआड करता कामा नये.

दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात किती खोलवर दिसते, यावरून सरोवराची स्थिती कळते. ती खोली वाढवायची की घटवायची, हे मात्र काठापासून दूर असलेल्या हजारो अंगणांत ठरते.